‘आट्टम’चा शेवट : नाव न ऐकणे ही पळवाट की निवाडा?

तिसरी_घंटा

आधीच सांगून ठेवते : या धाग्यात ‘आट्टम’ या मल्याळम चित्रपटाचा शेवट उघड केला आहे. ज्यांना तो कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावे आणि चित्रपट पाहून मग यावे.

आनंद एकर्षी यांचा हा पहिलाच चित्रपट. पोटापाण्याची कामे सांभाळून नाटक करणारी एक मंडळी आहे. तीत बारा पुरुष आणि अंजली (झरीन शिहाब) ही एकटी स्त्री. एक प्रयोग रंगतो, त्यानंतर हरीच्या परदेशी मित्रांकडे मेजवानी होते, आणि त्या रात्री अंजली खिडकीशी झोपलेली असताना बाहेरून कोणीतरी तिच्या अंगाला हात लावतो. संशय हरीवर (कलाभवन शाजोन) जातो. हरी सिनेनट आहे आणि त्याच्यामुळे विनयची (विनय फोर्ट) मुख्य भूमिका गेलेली आहे. मग हरीला वगळून बाकीचे पुरुष बैठक घेतात, आणि चित्रपटाचा मोठा भाग ही बैठकच आहे. सुरुवातीला सगळे एकमुखाने तिच्या बाजूचे असतात. मध्येच हरीच्या ओळखीने परदेश दौऱ्याची संधी चालून येते आणि एकेकाला शंका सुचू लागतात.

शेवटी अंजली स्वतःचे नाटक करते. मुखवटा घातलेला एक पुरुष कबुली द्यायला तिच्याकडे येतो, आणि ती त्याला चेहरा दाखवू देत नाही. तो कोण होता हे तिला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही.

आम्ही चौघी मैत्रिणींनी हा चित्रपट एकत्र पाहिला. दोघी भारावल्या, दोघी चिडून म्हणाल्या, की अडीच तासांच्या आसपास बसवून ठेवायचे आणि शेवटी उत्तरच द्यायचे नाही ही शुद्ध फसवणूक आहे. मी पहिल्या दोघींतली. तुमचे मत काय?

दगडू_पाटील

अकरा पुरुष एका विषयावर इतका वेळ बोलतात आणि कोणीही मध्येच पार्किंगचा विषय काढत नाही, हे मला पटले नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचे झाकण बदलायला तीन सभा लागल्या होत्या.

पणजीचा_पाऊस

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या ५४ व्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) इंडियन पॅनोरमा विभागाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला होता, आणि मी तो तिथेच पाहिला. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर जी चर्चा चालली होती ती माझ्या चांगली लक्षात आहे. पुरुषांचे घोळके ‘तो हरीच’, ‘छे, तो नाही, दुसराच’ असे पुरावे मांडत उभे होते. माझ्या शेजारच्या बाई मात्र एवढेच म्हणाल्या, “आत चालले होते तेच बाहेर चालले आहे.” त्यामुळे हा शेवट फसवणूक आहे असे मला वाटत नाही. आपण चित्रपटभर चुकीच्या प्रश्नाच्या मागे धावत होतो, हे तो शेवटच्या क्षणी आपल्या पदरात टाकतो.

वकिलीणबाई

मी विरुद्ध बाजूने बोलते, आणि थोडे लांबण लागेल.

चित्रपट उत्तम आहे. पटकथेला, संकलनाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत जे मिळाले ते योग्यच मिळाले. पण ‘तुम्ही सगळे मला सारखेच’ हे अंजलीचे वाक्य प्रेक्षागृहात कितीही टाळ्यांचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हेगाराला मिळालेले अभयदान आहे. ज्याने हात लावला तो एक होता. त्याच्यावर भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७४) लागते. बाकीचे अकरा भित्रे आणि लोभी होते, पण भित्रेपणाला कलम नाही. सगळ्यांना एका मापात घातले, की त्या एकाचा गुन्हा बारांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो.

दुसरे म्हणजे, ती बैठक भरलीच कशी, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, इतके ते दृश्य ओळखीचे आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा यांच्यानंतर तक्रार ऐकणाऱ्या समितीची अध्यक्ष स्त्री असावी लागते, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, बाहेरची एक व्यक्ती असावी लागते आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही बाजू मांडू द्यावी लागते. दहाहून कमी माणसे कामाला असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. इथे अध्यक्ष पुरुष, सदस्य पुरुष, ज्याच्यावर संशय तो गैरहजर, आणि जिची तक्रार तिला नंतर बोलावणे. याला चौकशी म्हणत नाहीत, याला पंचायत म्हणतात.

तिसरी_घंटा

वकिलीणबाई, पंचायतीचे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण अंजलीपुढे कायद्याचा दरवाजा होता आणि तिने तो लावून घेतला, असे तुम्ही धरून चालला आहात. तिने चेहरा पाहिलेला नाही. पोलिसांत गेली असती तर ‘प्यायली होतीस का’, ‘खिडकी उघडी का ठेवलीस’ हेच प्रश्न खाकी कपड्यांतून आले असते.

वकिलीणबाई

आले असते. तरीही जायला हवे होते, असे मी माझ्या अशिलांना सांगते, आणि त्यांच्यापैकी निम्म्या जात नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगते.

कोचीकर

कोचीत येऊन मला नऊ वर्षे झाली. मल्याळम बोलता येते, वाचताना अजून बोट ठेवावे लागते.

प्रथम नावाविषयी. ‘आट्टम’ म्हणजे खेळ, नाच, प्रयोग. मोहिनीआट्टममधला तोच हा शब्द. म्हणजे नाटकाचा खेळ आणि माणसांचा खेळ असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीतही ‘आज खेळ आहे’ असे आपण नाटकाबद्दल म्हणत आलो, म्हणून शीर्षक भाषांतराविना आपल्याला पोचते. शिवाय मल्याळममध्ये वडीलधारे पुरुष तरुण स्त्रीला सर्रास ‘मोळे’, म्हणजे मुली, बाळा, म्हणतात. त्या हाकेत माया असते आणि ‘तुझे भले आम्ही ठरवू’ हेही असते. खालच्या इंग्रजी ओळींत ते उतरत नाही.

वकिलीणबाईंनी पंचायत म्हटले, त्यावरून इथली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. नंबूदिरी ब्राह्मणांत स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी करण्याची ‘स्मार्तविचारम्’ नावाची पद्धत होती. चौकशी करणारे सगळे पुरुष असत आणि संशय आलेल्या स्त्रीला घरातल्या वेगळ्या खोलीत ठेवले जाई. तिचा उल्लेख नावाने होत नसे; तिला ‘साधनम्’ म्हणत, म्हणजे वस्तू. १९०५ मध्ये कोची संस्थानात कुरियेडत्तु तात्री हिच्यावर असा विचार (म्हणजे चौकशी) झाला, आणि तिने उलटा डाव टाकला : आपल्याशी संबंध आलेल्या साठांहून अधिक पुरुषांची तिने खाणाखुणांसह नावे घेतली. ते सगळे वाळीत टाकले गेले. त्यांत कथकळीचे नावाजलेले कलावंत कावुंगल शंकर पणिक्करही होते.

आता धाग्याच्या प्रश्नाशी जुळणारा भाग. अशी आख्यायिका इथे सांगतात, की तात्रीने शेवटी एक अंगठी पुढे केली आणि ‘हिच्या मालकाचेही नाव घेऊ का?’ असे विचारले, आणि ती अंगठी पाहताच विचार तिथेच आटोपता घेण्यात आला. हा इतिहास नव्हे, लोकांनी जपलेली कथा आहे. पण त्या कथेत न घेतलेले नाव हे सर्वांत बड्या पुरुषाचे आहे. म्हणून ‘नाव न कळणे’ म्हटले, की माझ्या पोटात आधी गोळा येतो.

तिसरी_घंटा

कोचीकर, हे वाचून मी सरसावून बसले. पण फरक आहे ना? आख्यायिकेत नाव पुरुषांनी अडवले. चित्रपटात ते एका स्त्रीने अडवले. नाव घ्यायचे की नाही हे कोण ठरवतो, यावर सगळे अवलंबून आहे.

कोचीकर

फरक मान्य आहे. पण बचावलेल्या पुरुषाला तो फरक कळणार आहे का?

अक्कलखाते

मराठी वाचकांच्या धाग्यावर इतक्या प्रतिसादांनंतरही ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा उल्लेख कसा आला नाही, याचे नवल करतो आहे. रंगायन या नाट्यसंस्थेने तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ मध्ये, अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात, सुलभा देशपांडे यांना बेणारेबाई करून रंगमंचावर आणले. तिथेही हौशी नाटकमंडळीच आहे, तिथेही खेळ म्हणून सुरू झालेला खटला एका स्त्रीच्या अंगावर येतो, आणि ज्याच्यामुळे हे सारे घडले तो प्राध्यापक दामले तिथेही गैरहजर. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र बाईच, अगदी इथल्यासारखी.

पण मला दोन्ही शेवटांतले अंतर अधिक मोलाचे वाटते. बेणारेबाई जे लांबलचक स्वगत बोलतात ते त्या खोलीतले कोणीही ऐकत नाही. सगळे गोठलेले असतात, आणि ते संपल्यावर खटला होता तिथून पुढे चालू होतो. शेवटी सामंत तो हिरवा कापडी पोपट त्यांच्याजवळ ठेवतो, तेवढीच काय ती माणुसकी. त्यांचे बोलणे मराठी प्रेक्षकाने ऐकले, मंडळींनी नाही. अंजलीने निदान दुसरा रंगमंच उभा केला आणि आपल्या अटींवर त्या पुरुषांना मुखवटे घालायला लावले. पन्नासएक वर्षांत एवढा पल्ला गाठला असेल तर तो कमी नाही.

दगडू_पाटील

पोपटापासून मुखवट्यापर्यंत. प्रबंधाला शीर्षक झाले.

बाकावरचा

हा प्रतिसाद दोनदा लिहून दोनदा खोडला आहे.

चित्रपट पाहताना मी मनातल्या मनात त्या बैठकीत बसलो होतो, आणि ‘ती प्यायली होती का?’ हा प्रश्न तिथल्या कोणी विचारायच्या आधी माझ्या मनात येऊन गेला. मी स्वतःला सज्जन समजतो, बायकोही समजते. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एका तरुण सहकारिणीने वरिष्ठाविषयी तक्रार केली, तेव्हा आम्ही सात पुरुष कँटीनमध्ये जमलो होतो, अधिकृत म्हणून नव्हे, आपले ‘काय करावे’ म्हणून. मी विरोध केला नाही, बाजूही घेतली नाही. मी विचारले, “पण नक्की झाले काय?” हा प्रश्न मला अत्यंत निष्पक्ष वाटला होता. पुढे आमची पगारवाढ त्या वरिष्ठाच्या शेऱ्यावर अवलंबून होती, हे त्या क्षणी माझ्या मनात नव्हते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. निरोपाच्या केकचा तुकडा मी खाल्ला.

‘आट्टम’मध्ये परदेश दौऱ्याची बातमी आल्यावर जे होते ते मला फार खरे वाटले. कोणीही ‘मला दौरा हवा म्हणून मी तिला खोटे ठरवतो’ असे म्हणत नाही. प्रत्येकाला खरोखरच शंका येऊ लागते, आणि ती प्रामाणिक असते. म्हणूनच वकिलीणबाईंच्या ‘एक गुन्हेगार, अकरा भित्रे’ या हिशेबावर मी आनंदाने सही केली असती, कारण त्यात मी अकरांत जातो आणि सुटतो. शेवटी नाव कळले असते तर मी सुस्कारा टाकून घरी गेलो असतो. नाव मला हवे होते, तिला नव्हे.

वकिलीणबाई

बाकावरचा, तुमचा प्रतिसाद सकाळपासून मनात घोळतो आहे. अकरांना कलम नाही हे म्हणताना मी त्यांना सुटका देत नव्हते, पण वाचणाऱ्याला तसे वाटू शकते हे आता दिसते. तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही : अंजलीचा निर्णय अंजलीचा, पण त्याला आदर्श ठरवू नका.

एक योगायोग नोंदवते. पुरस्कार जाहीर झाले १६ ऑगस्ट २०२४ रोजी. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल, जो ३१ डिसेंबर २०१९ रोजीच सरकारला सादर झाला होता, तो तीन दिवसांनी म्हणजे १९ ऑगस्टला काही भाग वगळून लोकांपुढे आला. साडेचार वर्षांहून अधिक काळ तो कपाटात होता. त्यातही नावे नव्हती. आणि तरी त्या महिन्यात एकामागून एक स्त्रिया स्वतः पुढे येऊन बोलल्या, ‘अम्मा’ या कलावंतांच्या संघटनेची कार्यकारिणी राजीनामा देऊन मोकळी झाली. चित्रीकरणाच्या प्रत्येक युनिटला तक्रार समिती हवी, असे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्येच सांगितले होते, आणि तेही स्त्री कलावंतांच्या ‘डब्ल्यूसीसी’ या संघटनेच्या याचिकेवर. म्हणजे बायकांनी कोर्टात जाऊन मिळवलेली गोष्ट आहे ही. म्हणून म्हणते, नाटकही करा आणि तक्रारही करा.

मोगरा

बरेच दिवस हा धागा नुसता वाचत होते. माझे वय साठीच्या पुढे आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

१९९६ साली आमच्या तालुक्याच्या गावचे मंडळ राज्य नाट्य स्पर्धेला उतरले होते. दोन अंकी नाटक, त्यात मी धरून दोन स्त्रिया. दुसरीचे यजमान तिला गाडीने घेऊन गेले. प्रयोग आटोपून परत येताना नेपथ्याच्या टेम्पोत मागे मी, चार पुरुष, सतरंज्या, दिव्यांचे पेटारे आणि उभे केलेले फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी. आत अंधार. घाट लागला, टेम्पो हेलकावे खाऊ लागला, आणि कोणाचा तरी हात आला. पहिल्यांदा हेलकाव्याने आला असे मी समजले. दुसऱ्यांदा तसे समजता येईना.

मी दिग्दर्शकांना सांगितले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी खरोखर मनावर घेतले आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक बोलावली. मला म्हणाले, “तू खालीच थांब, तुला अवघड वाटेल.” मी जिन्यात बसले. हॉटेलचा पोऱ्या माझ्या बाजूने वर चहा घेऊन गेला. नऊ ग्लास होते, मी मोजले. तासाभराने सगळे उतरले, प्रत्येकाने माझ्याकडे आपुलकीने पाहिले, आणि एकाने डोक्यावर हात ठेवून “आपण सगळे घरातलेच आहोत” असे सांगितले. कोचीकरांचा ‘मोळे’ वाचला तेव्हा तो हात आठवला.

पुढे मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या नोंदवह्या चाळायचे काम माझ्याकडे आले, अक्षर चांगले म्हणून. त्या तारखेचे इतिवृत्त सापडले. “दौऱ्यात उद्भवलेला किरकोळ गैरसमज सामोपचाराने मिटविण्यात आला. टेम्पोचे भाडे चुकते करण्यात आले.” खाली नऊ सह्या. माझे नाव नाही, तक्रार हा शब्दही नाही. ‘साधनम्’ तरी म्हणत होते. इथे तेवढेही नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. चौघांपैकी तो कोण हे मला आजही माहीत नाही. दोघे वारले. एकाच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते, आणि अक्षता टाकताना माझ्या मनात आशीर्वाद नव्हता, हाच प्रश्न होता. त्यामुळे अंजलीने नाव ऐकले नाही याचे ज्यांना कौतुक वाटले त्यांचा मला हेवा वाटतो. मी असते तर ऐकले असते.

तिसरी_घंटा

मोगराताई, तुमचे वाचून मी धाग्याच्या सुरुवातीला इतक्या सहज ‘मी पहिल्या दोघींतली’ असे लिहिले होते याचा संकोच वाटला. काल रात्री शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहिली. एक गोष्ट पहिल्या वेळी सुटली होती : तो पुरुष तिने विचारले म्हणून आलेला नाही. तो स्वतःचे ओझे उतरवायला आला आहे, तेही तिच्या नाटकात, तिच्या रंगमंचावर, मुखवट्याच्या आडून, त्याला सोयीच्या वेळी. त्याला बोलून मोकळे व्हायचे आहे. ती त्याला तेवढेच देत नाही, असे मला आता वाटते. ‘मला जाणून घ्यायचे नाही’ आणि ‘तुला सांगू देणार नाही’ यांतले दुसरेच ती म्हणते आहे. तुम्ही नाव मागितले असते तर ते तुमच्या मागण्याने आले असते.

मोगरा

हे पटते आहे. तुम्ही म्हणता म्हणून मीही तो भाग पुन्हा पाहिला, दुपारी, यजमान झोपल्यावर. ती त्याला अडवते तेव्हा तिचा आवाज चढत नाही, हे माझ्या लक्षात आले. तालमीत सहकाऱ्याला जागा चुकली तर आपण सांगतो तसा तो आहे. तरी नाव हवेच होते, हे माझे मत कायम. चौघांपैकी जे दोघे आहेत त्यांतला एक रोज सकाळी आमच्या गल्लीतून फिरायला जातो आणि हात करतो. मीही करते.

ती नोंदवही अजून माझ्याकडेच आहे. स्मरणिका छापून झाल्यावर परत करायची राहून गेली.

दगडू_पाटील

ताई, परत करू नका.

वकिलीणबाई

परत करा. पण त्याआधी त्या पानाची प्रत काढून साक्षांकित करून ठेवा, आणि नऊच्या नऊ सह्या नीट उमटल्या आहेत ना, तेवढे पाहा.